काळजी : अक्षरे तीन की पाच?

मराठीत शब्दखेळ बनवणाऱ्यांवर माझा एक स्पष्ट आरोप आहे. ते मराठी मुलाच्या हाती जी अक्षरे देतात, ती अक्षरेच नव्हेत. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते, हे वकिलीच्या पहिल्या वर्षात शिकवले जाते. म्हणून पुराव्यापासूनच सुरुवात करतो.

'अक्षरे जुळवा आणि शब्द ओळखा' हा खेळ सर्वांच्या परिचयाचा आहे. एका शब्दाची अक्षरे उलटसुलट करून द्यायची आणि खेळणाऱ्याने मूळ शब्द शोधायचा. 'काळजी' हा साधा शब्द घ्या. मराठी दैनिकातील किंवा मुलांच्या मासिकातील कोडेकार तो 'जी, का, ळ' असा देईल. पण संगणकावर बनवलेल्या पुष्कळ खेळांत हाच शब्द पाच तुकड्यांत येतो : ज, ा, क, ी, ळ. म्हणजे एका चौकोनात ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकलेला नुसता काना आणि दुसऱ्यात तशीच लोंबकळणारी दुसरी वेलांटी. हे तुकडे बोटाने सरकवून शब्द तयार करा, अशी आज्ञा वर दिलेली असते.

आता विचारू या : 'काळजी' या शब्दात किती अक्षरे आहेत? शाळेत गेलेला कोणताही मराठी माणूस 'तीन' म्हणेल. व्याकरणाचा विद्यार्थी म्हणेल की अक्षरे तीन, पण वर्ण सहा : क्, आ, ळ्, अ, ज्, ई. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण दोन्हींमागे भाषेचा विचार आहे. यंत्राचे उत्तर 'पाच' आहे. हे पाच ना अक्षरांत मोजलेले आहेत, ना वर्णांत. त्यातला 'क' हा अकारयुक्त क, आणि त्याच्याशेजारी 'आ' या स्वराऐवजी त्याची केवळ खूण. मराठीच्या कोणत्याही व्याकरणात, कोणत्याही बालबोध पुस्तकात शब्दाची अशी फोड सापडणार नाही. ही फोड फक्त संगणकाच्या साठवणुकीच्या सोयीची आहे आणि ती सोय आता मुलांना 'मराठी' म्हणून शिकवली जात आहे.

आपली भाषा अक्षर कसे मोजते, याची साक्ष शेकडो वर्षांची आहे. 'श्रीराम जय राम जय जय राम' या मंत्राला आपण त्रयोदशाक्षरी मंत्र म्हणतो. मोजून पाहा : श्री, रा, म, ज, य, रा, म, ज, य, ज, य, रा, म. तेरा. 'श्री' मध्ये श आहे, र आहे आणि वेलांटी आहे. तरी तो एक. हाच मंत्र यंत्राच्या हिशेबाने मोजला तर एकोणीस तुकडे होतात. मोठ्या अभंगाच्या चरणांतील सहा, सहा, सहा आणि चार ही अक्षरसंख्या याच मोजणीने सांगितली जाते. वारीत टाळ धरणाऱ्या ज्या म्हाताऱ्याला सही करता येत नव्हती, त्याच्याही कानाला ही मोजणी ठाऊक होती. मराठी शब्दकोड्याच्या चौकटीत 'ज्ञानेश्वर' चार घरांत बसतो : ज्ञा, ने, श्व, र. यंत्राला त्याच नावासाठी दहा घरे लागतात. 'महाराष्ट्र' चार घरांचा. यंत्राकडे तोही दहा तुकड्यांचा. कोडेकाराने हा नियम कुठल्या शासकीय परिपत्रकातून घेतलेला नव्हता. ती रूढी होती, आणि रूढीला कायद्यात मान असतो.

कोणी म्हणेल, तुकडे तीन काय आणि पाच काय, मूल जुळवायचे ते जुळवेलच. तसे होत नाही. तीन अक्षरांच्या मांडण्या सहा होतात. त्या सहाही वाचता येतात; मूल त्या मोठ्याने म्हणून पाहते, 'जीकाळ', 'ळकाजी' म्हणत हसते आणि अखेर कानाने 'काळजी'पर्यंत पोहोचते. पाच तुकड्यांच्या मांडण्या एकशे वीस होतात. त्यांपैकी चौऱ्याऐंशी मांडण्या अशा असतात की एक तर खूण सुरुवातीलाच अधांतरी येते किंवा दोन खुणा एकमेकींना चिकटतात. त्या कोणालाही वाचताच येत नाहीत. जे वाचता येत नाही ते म्हणून पाहता येत नाही, आणि जे म्हणून पाहता येत नाही त्यात भाषेचा कान तयार होत नाही. मग मूल अर्थाचा नाद सोडून तुकडे नुसते सरकवत राहते. दोन डाव हरल्यावर ते इंग्रजी खेळाकडे वळते आणि घरात सांगते की मराठी अवघड आहे. अवघड मराठी नसते, खेळ चुकीचा बेतलेला असतो. पण दोष मराठीच्या खाती जमा होतो.

विस्कटलेल्या अक्षरांतून शब्द शोधून देणारी जी साधने इंग्रजीत आहेत, त्यांची युक्ती सोपी आहे. कोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमाने लावून त्या शब्दाची एक किल्ली बनवायची. ज्या शब्दांची किल्ली एक, ते शब्द एकमेकांच्या अक्षरांतून बनणारे. मराठीत ही युक्ती सुरेख चालते, पण किल्ली अक्षरांची हवी. वा, र आणि स ही तीन अक्षरे घ्या. त्यांतून 'वारस' होतो, 'सवार' होतो आणि 'सरवा'ही होतो. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे म्हणजे सरवा. तीन अक्षरांत तीन शब्द, आणि तिसरा शब्द आजीला विचारल्याशिवाय शहरातल्या मुलाला कळणार नाही. अशा एका डावात घरातली दोन माणसे एकमेकांशी बोलतात. आता तीच युक्ती तुकड्यांवर चालवा. व, काना, र, स या तुकड्यांतून यंत्र 'सावर' आणि 'सारव' हीदेखील उत्तरे देते. ज्याच्या हाती वा, र, स या तीन सोंगट्या आहेत, त्याने 'सा' आणायचा कुठून? व्यंजनाचा काना काढून दुसऱ्याला लावायचा आणि त्याला अक्षरांची जुळणी म्हणायचे, हे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढवण्यासारखे आहे.

ही लबाडी आहे, असे मी म्हणत नाही. हा निष्काळजीपणा आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचा संकेत तयार झाला. त्याच्या १९८८ सालच्या रूपावर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी बेतली गेली. त्यात व्यंजनाला एक क्रमांक, मात्रेला दुसरा आणि पाय मोडण्याच्या खुणेला तिसरा. साठवणुकीसाठी ही व्यवस्था योग्यच आहे. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. गोदामात खुर्चीचे पाय आणि पाठ वेगळी ठेवतात, पण पाहुण्याला बसायला नुसते पाय कोणी देत नाही. सुटे तुकडे एकत्र धरून वाचणाऱ्याला दिसणारे अक्षर कसे ओळखावे, याचे नियमही युनिकोडनेच दिलेले आहेत. काना-मात्रा आपल्या व्यंजनाशी जोडून धरण्याचा नियम जुना आहे. २०२३ साली आलेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू अशा लिप्यांतील जोडाक्षर अखंड धरण्याचा नियमही दाखल झाला. तेव्हा 'यंत्राला जमत नाही' हा बचाव आता टिकत नाही. यंत्राला जमते. खेळ बनवणाऱ्याने इंग्रजीसाठी लिहिलेल्या आज्ञावलीत शब्दांची यादी तेवढी बदलली आणि त्याला 'मराठी आवृत्ती' म्हटले, एवढेच घडलेले असते.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मात्र मान्य केला पाहिजे. वर्णांचा खेळही मराठीला परका नाही. मोरोपंतांनी ओठांनी उच्चारायचे वर्ण वर्ज्य करून निरोष्ठ रामायण रचले, तो वर्णांचाच खेळ होता. वर्णविग्रह हा शाळेतला रुक्ष धडा खेळातून शिकवता आला तर आनंदच आहे. पण मग 'काळजी'चे सहा वर्ण द्या. क् ला पायमोडका दाखवा, 'आ' हा स्वर पूर्ण दाखवा आणि खेळाचे नाव 'वर्ण जुळवा' ठेवा. तीन अक्षरांचा खेळही चालेल, सहा वर्णांचाही चालेल. पाच तुकड्यांचा खेळ कोणत्या शास्त्राने चालवायचा, ते त्यांनी सांगावे.

आता सर्वांत जास्त ऐकू येणाऱ्या आक्षेपाकडे वळतो : हा तर नुसता खेळ आहे, सीमाप्रश्न दशकानुदशके लोंबकळत असताना वकिलाने खेळण्यांवर काय लिहायचे? पुण्यातल्या वाचकाने हा आक्षेप घेतला तर मी समजू शकतो. त्याच्या मुलाच्या आजूबाजूला दुकानाची पाटी मराठीत असते, बसचा फलक मराठीत असतो, वीजबिलही मराठीत येते. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलाची स्थिती तशी नाही. घरात तो मराठी बोलतो, पण शाळा कानडी किंवा इंग्रजी माध्यमाची असेल तर देवनागरी त्याला दिवसभरात क्वचितच दिसते. वडोदऱ्याच्या मराठी मुलाच्या डोळ्यांसमोर गुजराती लिपी असते, हैदराबादच्या मुलासमोर तेलुगू. बोली घरात टिकते. लिपी मात्र डोळ्यांसमोर राहिली तरच टिकते. अशा मुलाला लिपीशी दहा मिनिटे आपणहून झटायला लावणारी जी थोडकी साधने उरली आहेत, त्यांत शब्दखेळ आहे. त्याच्यासाठी हा खेळ म्हणजे अर्धी शाळा आहे, आणि तिथेच त्याला मोडके अक्षर दिले जाते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ च्या पहिल्या खंडाने नागरिकांच्या कोणत्याही गटाला आपली वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला आहे. घटनाकारांनी भाषेशेजारी लिपी हा शब्द स्वतंत्रपणे घातला, याकडे आपले दुर्लक्ष होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याविषयी आहे. हे हक्क शासनाकडे मागायचे असतात, खेळ बनवणाऱ्याकडे नव्हे, हे मला कळते. पण जो समाज आपल्या लिपीच्या जतनाचा हक्क न्यायालयात मागतो, त्याने तीच लिपी आपल्या घरात, आपल्या मुलाच्या हातात मोडलेली चालवून घेऊ नये. फलकावरच्या मराठी अक्षरांसाठी आपण मोर्चे काढतो, गुन्हे अंगावर घेतो. मुलाच्या पडद्यावर त्याच अक्षराचे तुकडे पडलेले असतात, तेव्हा आपण 'खेळतोय ना गप्प' म्हणून समाधान मानतो.

या वादात कानडी आपला प्रतिपक्ष नाही, हेही नमूद करतो. कानडी लिपीही अक्षरांचीच आहे. तिथेही मात्रा व्यंजनाला चिकटते आणि जोडाक्षर एकसंध असते. इंग्रजीच्या साच्यात कानडी शब्द घातला तर तोही तसाच फुटतो. गुजराती आणि तेलुगू यांचेही तेच. रस्त्यावर आपले काहीही मतभेद असोत, या एका दाव्यात ते आपले सहवादी आहेत.

दुसरा धोका शेजारून नव्हे, आपल्याच लिपीच्या आतून येतो. देवनागरी म्हणजे हिंदी, असे धरून बनवलेल्या खेळात 'ळ' असण्याचे कारणच नसते, कारण प्रमाण हिंदीच्या नेहमीच्या शब्दांत तो लागत नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरातील मुलाला असा खेळ मिळाला तर त्यात काळजी नाही, कळस नाही, सकळ नाही, बेळगावही नाही. गंमत अशी की कानडी, गुजराती आणि तेलुगू या तिन्ही लिप्यांत 'ळ' आहे. तीच गत ऱ्याची. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या; हा भेद मराठी लेखन जपते. ॲ आणि ऑ ही चिन्हे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत घेतली. ही सर्व अक्षरे नसलेला खेळ देवनागरी असेल, मराठी नसेल.

काही उत्साही मंडळी म्हणतात, स्क्रॅबलच्या शंभर सोंगट्यांसारख्या मराठीच्याही शंभर करू. स्क्रॅबल जन्मले कसे, ते आधी पाहावे. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३० च्या दशकात इंग्रजी वृत्तपत्रांतील अक्षरे मोजली. जे अक्षर वारंवार येते त्याच्या सोंगट्या जास्त आणि गुण कमी. जे क्वचित येते त्याची सोंगटी एक आणि गुण दहा. त्याने आपल्या भाषेचा हिशेब आपल्या भाषेच्या मजकुरावरून मांडला. आपण त्याच्या सोंगट्यांची संख्या उचलतो, पद्धत उचलत नाही. मराठीची चौतीस व्यंजने बाराखडीत मांडली तर जोडाक्षरांवाचूनच चारशे आठ अक्षरे होतात. ती शंभर सोंगट्यांत कशी मावणार? उपाय आहे. सोंगटीवर फक्त व्यंजन छापावे आणि काना-मात्रा लावण्याची मुभा खेळणाऱ्याला द्यावी. मग क, ळ, ज एवढ्यावरून 'काळजी' ओळखायची. म्हणजे खुणा सरकवायच्या नाहीत, स्वर आठवायचे. कोणत्या व्यंजनाच्या किती सोंगट्या असाव्यात, हे मात्र मराठी मजकूर मोजूनच ठरवावे लागेल, आणि त्या मजकुरात पुण्या-मुंबईइतकाच पणजी, बेळगाव आणि इंदूरचा मजकूर असला पाहिजे.

येथे शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर मुद्दा येतो : शब्द वैध की अवैध, हे ठरवणार कोण? खेळाच्या पोटात एक शब्दसूची असते. खेळणाऱ्याने जुळवलेला शब्द तीत नसेल तर पडद्यावर 'असा शब्द नाही' असे उमटते. ही सूची कोणी केली, कोणत्या कोशावरून केली, कोणते शब्द का गाळले, याचा पत्ता नसतो. 'सरवा' जुळवणाऱ्या मुलाला 'असा शब्द नाही' हे उत्तर मिळाले, तर त्याने आजीवर विश्वास ठेवावा की यंत्रावर? कुंदा आणि मांडे हे बेळगावच्या प्रत्येक घराला ठाऊक असलेले शब्द. अडकित्ता, तूप, अक्का, अण्णा हे कानडीतून आलेले शब्द तर सगळ्या महाराष्ट्राने आपले म्हणून नांदवले. मग सीमेवर आजही जे शब्द बोलीत नांदत आहेत, त्यांना परके कोणी ठरवायचे? १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशाने प्रांतोप्रांतीचे शब्द वेचून घेतले होते. नव्वद वर्षांपूर्वी कागदावर जी उदारता दाखवता आली, ती आज यंत्रात दाखवता येत नाही, हे पटणारे नाही.

न्यायाचा साधा नियम आहे : दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय नाही आणि कारण दिल्याशिवाय आदेश नाही. शब्दसूचीलाही तो लागू करावा. शब्द नाकारला तर कारण सांगा : तो सामान्यरूप आहे, विशेषनाम आहे, की आमच्या सूचीत अद्याप आलेला नाही. या तिसऱ्या कारणासाठी 'असा शब्द नाही' हे वाक्य वापरू नका. 'हा शब्द आमच्याकडे नोंदलेला नाही, अर्थ आणि गाव कळवा' असे लिहा. त्यातून सूची वाढेल आणि सीमेपलीकडचा मराठी माणूस प्रत्येक डावात परका ठरणार नाही.

तेव्हा मागण्या चार आहेत. खेळाचे एकक अक्षर असावे. ळ, ऱ्य, ॲ, ऑ यांसह मराठीची सर्व अक्षरे खेळात असावीत. शब्दसूची उघड असावी आणि तीत महाराष्ट्राबाहेरील मराठीला जागा असावी. शब्द नाकारताना कारण द्यावे. यांपैकी एकीलाही सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेल्या दाव्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

वाचकहो, आज घरी एवढे करा. मुलाच्या भ्रमणध्वनीवर मराठी शब्दखेळ असेल तर तो उघडून पाहा. एखाद्या चौकोनात नुसता काना किंवा नुसती वेलांटी दिसली, तर त्याचे चित्र काढून खेळाच्या निर्मात्याला पाठवा आणि खाली लिहा, 'हे अक्षर नव्हे.' उत्तर येईपर्यंत जुन्या लग्नपत्रिकांची कोरी पाठ कापा, तिच्यावर शंभर अक्षरे लिहा आणि रात्रीच्या जेवणानंतर ती चटईवर पसरा. गावातल्या ग्रंथालयाने आणि गणेशोत्सव मंडळाने यंदाच्या स्पर्धांत 'अक्षरे जुळवा' ठेवावी. जो शब्द परीक्षकांना ठाऊक नसेल, तो सांगणाऱ्याच्या नावासह आणि गावासह वहीत उतरवून ठेवावा. त्या वह्या माझ्याकडे पाठवल्यात, तर पुढच्या लेखांत ते शब्द क्रमाने प्रसिद्ध करीन. सूची करणाऱ्यांना मग हे शब्द आम्हाला ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही.